‘रिकन्स्ट्रक्शन’ला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी: अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या काळावर (१८६५ ते १८७७) शाळकरी मुलांसाठी मराठीत लिहिते आहे आणि पहिल्याच ओळीत अडले आहे. ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणजे ‘पुनर्रचना’ असं कोश सांगतो, पण तो शब्द वाचला की मला १९५६ची राज्य पुनर्रचना आणि बेळगाव आठवतं. ‘पुनर्बांधणी’ लिहिलं तर सोसायटीच्या नोटिशीसारखं वाटतं. तिसरा शब्द आहे का? मागे शेअरक्रॉपर, कार्पेटबॅगर, रिडीमर रांगेत उभे आहेतच.

रिकामटेकडा: पुनर्रचनाच ठेवा. राज्यांची आठवण आली तर बिघडलं कुठे? तिथंही भांडण राज्यांचंच होतं. फुटून निघालेली दक्षिणेतली ११ राज्यं कोणत्या अटींवर परत घ्यायची? टेनेसी आधीच परत आलं होतं; उरलेल्या १० राज्यांचे काँग्रेसनं (म्हणजे तिथल्या संसदेनं) १८६७मध्ये ५ लष्करी विभाग पाडले. नवी राज्यघटना करा, काळ्या पुरुषांना मत द्या, मग या, असा खाक्या.

वऱ्हाडकर: पण राज्यं हा अर्धाच भाग झाला, राव. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनला ‘रिकन्स्ट्रक्शन’ शब्द फारसा पसंत नव्हता, तो ‘रिस्टोरेशन’ म्हणायचा. गुलामगिरी गेली ती गेली, बाकी होतं तसं करून टाका. थॅडियस स्टीव्हन्स आणि त्यांच्या जहाल रिपब्लिकनांना मात्र दक्षिण मुळातून वेगळी घडवायची होती. तेव्हा कोणी ‘विस्कटलेली घडी पुन्हा बसवणे’ सुचवणार असेल तर सावध. कानाला गोड आहे, पण तो नेमका जॉन्सनचा कार्यक्रम!

शब्दवेडी: अहो काका, तेच सुचवणार होते मी. खोडलं. पण मग ‘यादवी’चं काय? यादव दारूच्या धुंदीत लव्हाळ्यांनी एकमेकांना मारून संपले. त्या शब्दाला भाऊबंदकीचा वास आहे, दोन्हीकडचे सारखेच मूर्ख.

वऱ्हाडकर: बरोबर पकडलंत. हरलेल्या दक्षिणेनं पुढे तशीच गोष्ट रंगवली, भावाभावांचं दुर्दैवी भांडण वगैरे. गुलामगिरी त्यातून अलगद बाजूला. शब्द रूढ आहे, टाकता येणार नाही. पण लढाई कशावरून झाली ते त्याच परिच्छेदात लिहा.

रिकामटेकडा: ‘सिव्हिल राइट्स’ला नागरी हक्क, यात वाद नसावा. आपल्याकडे १९५५चा अस्पृश्यताविरोधी कायदा १९७६पासून ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ या नावानंच ओळखला जातो, त्यामुळे मराठी कानाला त्यातलं वजन कळतं.

वऱ्हाडकर: एक पुस्ती जोडतो. १८६६च्या नागरी हक्क कायद्यात करार करणं, दावा लावणं, साक्ष देणं, मालमत्ता घेणं हे होतं, मतदान नव्हतं. तेवढ्यालाही जॉन्सननं नकाराधिकार वापरला आणि काँग्रेसनं तो झुगारला. मताचा हक्क १५व्या घटनादुरुस्तीनं, १८७०मध्ये आला. त्या काळापुरते ‘नागरी’ आणि ‘राजकीय’ हक्क वेगळे लिहा, नाहीतर मुलं अमेरिकेतल्याच १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा अर्थ मागे नेऊन चिकटवतील.

शब्दवेडी: शेअरक्रॉपर = कूळ?

वऱ्हाडकर: छे, छे! कुळाच्या पाठीशी आपल्याकडे १९४८चा कूळकायदा उभा आहे. त्यांच्या पाठीशी काय होतं? आमच्याकडे ठरलेली रक्कम देऊन जमीन केली तर ‘मक्त्यानं’, पिकाचा वाटा दिला तर ‘बटईनं’. म्हणून बटईदार. बियाणं, खेचर मालकाचं, उधारी दुकानदाराची, कापूस निघाला की हिशेब त्यांच्याच वहीत. आणि हे वाचताना जानेवारी १८६५ विसरू नका: उत्तरेच्या जनरल शर्मनच्या हुकुमानं किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत मिळणार होती. त्याच वर्षी जॉन्सननं ती बहुतेक जुन्या मालकांना परत देववली. बटई उगवली ती तिथून.

रिकामटेकडा: कार्पेटबॅगर म्हणजे उत्तरेतून गालिच्याच्या कापडाची पिशवी घेऊन आलेला, म्हणून ‘उपरा’. त्याला साथ देणारा दक्षिणेतला गोरा म्हणजे स्कॅलवॅग, ‘घरभेदी’. दोन्ही शिव्याच आहेत, अवतरणचिन्हात टाका. त्या उपऱ्यांत शाळा चालवायला आलेलेही होते.

शब्दवेडी: आणि रिडीमर? काळ्यांची मतं दहशतीनं आणि लबाडीनं दाबून सत्ता परत घेणारे स्वतःला हे म्हणवतात! ‘उद्धारक’ लिहायला हात धजत नाही.

वऱ्हाडकर: अगदी तोच लिहा, ताई. मराठीत सात पिढ्यांचा उद्धार कसा करतात ते आपल्याला ठाऊक आहे! उपरोध फुकटात मिळतोय.

रिकामटेकडा: हा हा. एक अवांतर: जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा ही पुनर्रचना अजून चालूच होती. ४ वर्षांनी अध्यक्ष हेजनं लुइझियाना आणि साउथ कॅरोलिनातल्या सरकारांचं लष्करी संरक्षण काढून घेतलं आणि उद्धारकांना रान मोकळं झालं.

शब्दवेडी: हे प्रस्तावनेत घेते. म्हणजे पुनर्रचना, बटईदार, ‘उपरा’, ‘घरभेदी’, ‘उद्धारक’. राहिला फ्रीडमन. ‘मुक्त गुलाम’ चालेल?

वऱ्हाडकर: मुक्त झाला तो गुलाम कसा? ‘मुक्त झालेले लोक’ म्हणा. दोन शब्द जास्त पडले तर पडू द्या.