आईंच्या स्मरणशक्तीच्या कॅप्सूल: द्यायच्या की बंद करायच्या?

राजेंद्रनगरची सून
सासूबाईंना अल्झायमर होऊन तिसरं वर्ष. दीरांनी दवा बाजारातून जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि ओमेगा-३ च्या कॅप्सूल आणल्यात. आई त्या गिळत नाहीत, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवतात. काल धुवायच्या साडीत सात निघाल्या. मी बंद केल्या, तर घरात वादावादी. पण अमेरिकेत ४०२ अल्झायमर रुग्णांवर १८ महिने चाचणी झाली. त्यात रोज २ ग्रॅम डीएचए, म्हणजे ओमेगा-३ मधलाच घटक, देऊनही घसरण थांबली नाही. जिंकोनंही डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, टळला नाही, हे २००८ मध्ये तीन हजारांवर वृद्धांमध्ये दिसलं.

लोकमान्यनगरकर
ताई, जिंकोची ती चाचणी डिमेन्शिया नसलेल्यांवर होती, ती इथे लागू होत नाही. आणि व्हिटॅमिन ई कुठे गेलं? २०१४ ची चाचणी, ६१३ रुग्ण, रोज २००० युनिट. अंघोळ, कपडे, जेवण यांतली घसरण वर्षाला १९ टक्क्यांनी मंदावली. माझे बाबा अजून शर्टाची बटणं स्वतः लावतात. त्याची किंमत मला विचारा.

राजेंद्रनगरची सून
जिंकोचं माझं चुकलं. बटणांचंही पटलं, दादा. पण त्याच चाचणीत स्मरणशक्तीच्या गुणांत फरक पडला नव्हता आणि डबीवर मोठ्या अक्षरांत लिहितात तीच स्मरणशक्ती! शिवाय आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यात जिंको किंवा इतकं ई म्हणजे रक्तस्रावाचा धोका. काउंटरवर कुणी विचारलंसुद्धा नाही.

छावणीवाली
बी-१२ तपासलंत का? आमची काकू पक्की शाकाहारी, त्यात साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. बी-१२ तळाला गेलं होतं. इंजेक्शनं घेतल्यावर पायांच्या मुंग्या गेल्या, बोलताना लक्षही राहू लागलं. विसरणं मात्र आहेच. कमतरता नसताना मोठ्या डोसनं काही होत नाही, तेही चाचणीत दिसलंय.

लोकमान्यनगरकर
ते करायलाच हवं. ई मात्र मी थांबवणार नाही. डॉक्टरांना विचारून देतोय, आणि हात बांधून बसवत नाही हो.

राजेंद्रनगरची सून
तुम्ही विचारून देताय, मग माझं भांडण नाही. उद्या आईंचं बी-१२ करतोय, दीरच घेऊन जातील. दुपारी आईंना मटार सोलायला बसवते. आज दाणे एका वाटीत, टरफलं दुसरीत, अर्धा तास. मग मला विचारलं, "तू कुणाकडची गं?"