मुंबई–न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना पंधराच्या आत. असं का?

साताऱ्याची_लेक: आई जानेवारीत ताईकडे न्यू जर्सीला चालली आहे. वय ७१, दोन्ही गुडघे दुखतात, म्हणून एकूण किती वेळ बसावं लागेल ते बघत होते. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे चौदा तास व्हायला हवेत. तिकिटावर जाताना सोळा आणि येताना पंधराच्या आत! त्यात रात्री दीडला निघून त्याच सकाळी सातला पोचणार. कुणी नीट समजावून सांगाल का?

नागपूरकर_काका: हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. आईसाहेब उतरतील तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतील.

आकाशवाट: ताई, मी डिस्पॅचमध्ये नोकरी केली. उड्डाणाआधी वाट, वारा आणि इंधन यांचा मेळ घालणं हेच आमचं काम.

साडेबारा हजार हे सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो मॉस्कोजवळून वर चढतो, स्वीडन, आइसलँड ओलांडतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली येतो. त्या दोऱ्यावरून नेमकं जायला मिळत नाही. रशियाचं आकाश २०२२ मध्ये अमेरिकन कंपन्यांना बंद झालं, पाकिस्तानचं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना. वळसा आलाच.

पण खरा हिशेब वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, आणि हिवाळ्यात तो ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातो. तुमचे ९०० हा हवेतला वेग. समोरून शंभरचा वारा असला की जमिनीच्या हिशेबात आठशेच उरतात, मागून असला की हजार होतात. म्हणून आम्ही वाट निवडताना किलोमीटरपेक्षा मिनिटं आणि इंधन बघायचो.

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को घ्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिकवरची सुमारे १३,९०० किलोमीटरची वाट सोडून पॅसिफिकवरची १५,३०० ची धरली. चौदाशे किलोमीटर जास्त, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोचलं! मला त्या उड्डाणाचं अजून अप्रूप वाटतं.

शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं.

साताऱ्याची_लेक: खूप आभार दादा. मग लंडनला थांबणारं तिकीट घेतलं तर फार लांब पडेल का?

आकाशवाट: अंतर जेमतेम दोनेकशे किलोमीटरने वाढतं, लंडन जवळपास वाटेवरच आहे. साधारण दहा तास, मग थांबा, मग आठ तास. एकूण वेळ वाढेल, पण मध्ये पाय मोकळे होतील. गुडघ्यांसाठी मी तरी हेच घेईन. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच सांगून ठेवा, आणि दोन्ही विमानांत जागा मधल्या वाटेलगतची घ्या.