एक्स.२५: कॉल रिक्वेस्टला उत्तर म्हणून इनकमिंग कॉल का येतो?

प्रश्न: एक्स.२५ (पॅकेट-स्विचिंग नेटवर्कशी उपकरण जोडण्याचे मानक) वापरताना पॅकेट पातळीच्या इंटरफेसवरून कॉल रिक्वेस्ट (कॉल जोडण्याची विनंती) पाठवल्यावर, कॉल कनेक्टेड (कॉल जोडल्याचे पॅकेट) येण्याऐवजी कधीकधी त्याच लॉजिकल चॅनलवर (एकाच जोडणीवरील क्रमांकित मार्गिकेवर) तिसऱ्या बाइटमध्ये माझ्या पॅकेटप्रमाणेच ११ हे मूल्य असलेले पॅकेट येते. माझेच पॅकेट परत येत आहे का?

उत्तर १: नाही. कॉल रिक्वेस्ट आणि इनकमिंग कॉल (नेटवर्ककडून येणारा कॉल) या दोहोंचा प्रकारदर्शक बाइट दशमानात ११ असतो, तर कॉल ॲक्सेप्टेड (आलेला कॉल स्वीकारल्याचे पॅकेट) आणि कॉल कनेक्टेड यांचा १५. फरक केवळ दिशेचा असतो. (वेगळी मूल्ये असती, तर ट्रेस वाचणे सुसह्य झाले असते.) आपल्याकडे कॉलची टक्कर होत आहे, म्हणजे आपण आणि नेटवर्क एकाच वेळी एकाच चॅनलवर कॉल सुरू करत आहात. अशा वेळी नेटवर्क स्वतःचा इनकमिंग कॉल रद्द करून आपली विनंती पुढे नेते. म्हणून त्या पॅकेटला कॉल ॲक्सेप्टेडने उत्तर देऊ नये.

उत्तर २: नेटवर्क सर्वांत खालच्या मोकळ्या चॅनलपासून शोध घेते, त्यामुळे आपण सर्वांत वरचा मोकळा चॅनल निवडल्यास टक्कर क्वचितच होईल.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कॉल कनेक्टेडची वाट किती वेळ पाहावी?

उत्तर १: कॉल रिक्वेस्ट पाठवल्यावर सुरू होणाऱ्या टी२१ या टायमरची मर्यादा २०० सेकंद आहे, त्यानंतर क्लिअर रिक्वेस्ट (कॉल तोडण्याची विनंती) पाठवावी, आणि तिची पोच म्हणून क्लिअर कन्फर्मेशन येईपर्यंत तो चॅनल पुन्हा वापरू नये.