पुण्याहून अलिबागचा समुद्र आणि मुंबईची खादाडी, माणशी २२०० रुपये : सल्ला हवा

मृण्मयी_प
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण, तिघी मुली आणि दोन मुलगे, सगळे नुकतेच नोकरीला लागलेले. या पौर्णिमेनंतरचा शनिवार-रविवार धरून एक रात्र अलिबागला राहायचं आणि मुंबईत रस्त्यावरचं पोटभर खायचं असं ठरतंय. प्रवास, राहणं, खाणं धरून माणशी २२०० रुपये. गाडी नाही. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचंच आहे. आधी मुंबई करावी की आधी अलिबाग? आणि मुंबईत नेमकं कुठे खावं? रविवारी संकष्टी आहे. आमच्यातला एक जण चंद्रोदयापर्यंत उपासाचंच खातो, तेही लक्षात घेऊन सांगा.

दर्यावर्दी
शनिवारी अलिबागला जत्रा भरलेली असते. त्यापेक्षा सरळ तारकर्लीला जा. आम्ही दिवाळीनंतर दोन गाड्या करून गेलो होतो, पाणी असं नितळ की तळाची वाळू दिसत होती. माणशी सात-आठ हजार होतील, पण एकदाच जायचं तर नीट जावं.

मृण्मयी_प
दादा, पुण्याहून तारकर्ली एका रात्रीत कशी होणार? आणि बजेट २२०० आहे.

जुना_गिरगावकर
आधी मुंबई. यात विचार करण्यासारखं काही नाही. शनिवारी पहाटेची सिंहगड पकडा, दहाच्या सुमारास सीएसएमटी. तिथून चालत धोबीतलावला कयानी, १९०४ पासूनचं दुकान आहे. बनमस्का, चहा, खिमा-पाव घ्या आणि मग फोर्टात भटका. रविवारी फोर्टात शुकशुकाट असतो. हापिसं बंद म्हणून दुपारच्या जेवणाच्या गाड्याही बंद. त्यात रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. दुपारी गेटवेहून मांडव्याची बोट घ्या, तासाभरात पोचाल. मांडव्याहून अलिबागची बस बोटीच्या तिकिटातच असते, वेगळे पैसे द्यायचे नाहीत. रविवारी संध्याकाळी एसटीने पुणे.

पेणची_लेक
गिरगावकर काकांना +१. पण थंडीत येताय तर पोपटी खाल्ल्याशिवाय जाऊ नका. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा, जाडं मीठ, वरून पुन्हा पाला ठासायचा आणि मडकं उलटं करून जाळ लावायचा. पाण्याचा थेंब नाही. त्या पाल्याचा वास शेंगांना लागतो तो घरच्या गॅसवर कधीच येत नाही. उतरणार असाल तिथे एक दिवस आधी सांगून ठेवा, बरेच जण करून देतात.

कोकणवेडा_सम्या
मी तर आता रो-रोशिवाय जातच नाही. भाऊच्या धक्क्यावर गाडी आत घातली की तासाभरात मांडवा. नवी एसयूव्ही घेतल्यापासून सगळे रस्ते आपलेच.

मृण्मयी_प
आमच्याकडे गाडी नाही हो.

आक्षीकर
किल्ल्याचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे भरतीचं गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ, आणि तिच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी. रविवारी चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, सकाळी नऊ-सव्वानऊला पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. पौर्णिमा नुकतीच झालेली असल्यामुळे पाणीही लांब सरतं, वाट चांगली उघडी पडते. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारी बाराला येते, पण तेव्हा भांग (कमी जोराची भरती-ओहोटी) असतो आणि ओहोटीलासुद्धा वाटेत पाणी राहतं. तुम्ही दिवस चांगला निवडलाय. आठला किनाऱ्यावर या, साडेदहाच्या आत परत फिरा. पट्टा असलेली चप्पल घाला. खडकांवर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा पाय कापतात.

जुना_गिरगावकर
पाऊणपट कशाला? मोबाइलवर मिनिटासकट वेळ दिसते.

आक्षीकर
मोबाइलवर वेळ दिसते, पण भांग की उधाण हे तिथीवरूनच चटकन कळतं. आमच्या गावचे कोळी आजही तिथीच विचारतात.

भटक्या_सातारा
वेळेचं खरंच मनावर घ्या. आम्ही किल्ल्यात गणपतीच्या देवळाजवळ फोटो काढत बसलो आणि परतीला पाणी मांडीपर्यंत आलं. घोडागाडीवाले केव्हाच निघून गेले होते. मग एका होडीवाल्याने मागेल तेवढे पैसे घेतले. बाकी किल्ला सुरेख आहे. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर. काम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू केलं, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं इथेच होतं. हे वाचून जा, नाहीतर नुसत्या भिंती बघून याल.

साधीसुधी
अलिबागच्या मुख्य किनाऱ्यावर राहू नका. वरसोली, आक्षी किंवा नागावला घरगुती खोल्या बघा. आम्ही एका ठिकाणी आगाऊ पैसे भरले आणि पोचल्यावर एसीचे वेगळे, चादरीचे वेगळे, गरम पाण्याचेही वेगळे मागितले. शनिवारचा भाव निम्म्याने चढतो. फोनवर "सगळं धरून किती" असं विचारा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पाच जणांना एकच मोठी खोली मिळाली तर माणशी सहा-सातशेत बसेल.

कोकणवेडा_सम्या
वरसोलीला आम्ही स्विमिंग पूलवाला बंगला घेतो. त्याची मजा वेगळीच.

माझगावचा_खवय्या
खाण्याबद्दल. गिरगावकर काका फोर्टाचं सांगतायत ते दिवसाचं खाणं. मुंबईची खरी खादाडी रात्रीची. मिनारा मशिदीच्या गल्लीत रात्री नऊ-दहानंतर जा. मोठ्या कढईत मालपुवा सोडतात, कडा तांबूस कुरकुरीत आणि मधे मऊ होईस्तोवर झाऱ्याने दाबत राहतात. फिरनी मातीच्या वाटीत थंड मिळते. नल्ली-निहारी आहे, सीख आहेत. लोक म्हणतात फक्त रमजानमध्ये जावं. रमजानची रौनक वेगळी, पण बाकीच्या महिन्यांत निवांत बसून खाता येतं. उपासवाल्या मित्राला सांगा, तिथल्या मालपुव्यात अंडं असतं. त्याने फिरनी घ्यावी.

पेणची_लेक
संकष्टीला तिथे कशाला न्यायचं त्याला?

माझगावचा_खवय्या
चंद्र उगवला, नैवेद्य झाला, उपास सुटला. त्यानंतर दुधाची फिरनी खायला काय हरकत?

साधीसुधी
त्याची दिवसभराची सोय गिरगावात होईल. पणशीकरांकडे साबुदाणा वडा आणि पीयूष. दादरला उतरणार असाल तर प्रकाशचा साबुदाणा वडा.

जुना_गिरगावकर
पुन्हा सांगतो, रविवारी मुंबई नको. शनिवारीच उरका.

दर्यावर्दी
तारकर्लीचा विचार अजूनही करा.

मृण्मयी_प
सगळ्यांचे मनापासून आभार. बसून हिशोब केला. बहुतेकांनी आधी मुंबई म्हटलंय, पण आम्ही उलटं करतोय. कारण असं की संकष्टीला उपासवाला मासे खाणार नाही, त्याला ताटावर नुसतं बसवून आम्ही सुरमई खायची हे कोणालाच पटेना. म्हणून शनिवारी स्वारगेटहून सकाळच्या एसटीने अलिबाग, दुपारी मासे सगळ्यांनी मिळून, रात्री पोपटी. रविवारी सकाळी किल्ला आणि गणपतीचं दर्शन, दुपारी मांडव्याहून बोट, संध्याकाळी गिरगावात साबुदाणा वडा, तिथून चौपाटीवर चंद्रोदय, मग मिनारा मशीद. फोर्ट बंद असला तरी आमचं काही अडत नाही. रात्री दादरहून शिवनेरीने पुणे. मुंबईत राहायचा खर्च वाचतो. आम्हा तिघींना एसटीत आणि शिवनेरीतही अर्धं तिकीट आहे, तिघींचा वाचलेला पैसा पाचांत वाटून घेतोय. खोली, बोट आणि खाणं धरून २२०० च्या आत बसतंय.

जुना_गिरगावकर
आणि सोमवारी सकाळी कामावर? रात्री दोन-तीनला घरी पोचाल. मला हे मुळीच पसंत नाही. पण ठरवलंच आहे तर शिवनेरीचं आरक्षण आजच करा, रविवारी रात्री ऐन वेळी जागा मिळत नाही. मांडव्याची बोटही रविवारी दुपारी भरलेली असते, तिचंही आधीच काढा. आणि काळी-पिवळीत पाच जण घेत नाहीत, गेटवेहून गिरगावला बेस्टने जा.

आक्षीकर
शनिवारी दुपारी भरती सव्वादोनच्या आसपास आहे. पोचल्या पोचल्या पाण्यात शिरू नका, उतरत्या पाण्याची ओढ जोरात असते. आधी जेवून घ्या. पोपटीसाठी कोणी तयार झालं नाही तर आमच्या आळीत विचारा, आदल्या दिवशी कळवलंत तर शेंगा आणून ठेवतील.

मृण्मयी_प
काका, पाच जणांना वालाच्या शेंगा किती लागतील?

पेणची_लेक
दोन किलो सांगा. सोलून खाताना कमीच पडतात.