रानात एकट्यानं राहून वाट सापडली? अनुभव लिहा

रानभूल:
काल भाचीचा फोन आला. शिक्षण संपलं, पुढचं काही सुचत नाही, "जंगलात जाऊन राहू का गं?" म्हणाली. मला माझं चोविसावं वर्ष आठवलं. पक्ष्यांच्या नोंदींसाठी एका वनचौकीत हंगामभर एकटी होते. सुरुवातीला पान सळसळलं तरी झोप उडायची. मग उजाडायच्या आधी उठून, कोणता पक्षी आधी बोलला ते लिहायला लागले. विचारणारं कुणी नव्हतं, तरी एखादी सकाळ हुकली की दिवसभर चैन पडायची नाही. आजही तेच काम करते. तुमचं सांगा.

सांजवात:
घरच्यांना कसं पटवलंस ते आधी सांग! माझी लेकही हट्टाला पेटलीये.

रानभूल:
@सांजवात, आईला चौकी दाखवून आणली. रोज ठरल्या वेळी वायरलेसवर बोलायचं, हे कळल्यावर ती निवळली. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल १९६० मध्ये टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात गेल्या तेव्हा २६ वर्षांच्या होत्या. एकटीला राहायची परवानगी मिळेना म्हणून आई सोबत गेली. तूही जा की लेकीबरोबर :)

डोंगरकूस:
मी वणव्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होतो. धुकं ऊन चढलं की विरतं, धूर एकाच जागेवरून उठत राहतो, हे डोळ्यात बसायला वेळ लागतो. एकदा दरीतला धूर वेळेत कळवला, माणसं पोचली, उतार वाचला. त्या संध्याकाळनंतर 'मी काय करू' हा प्रश्नच पडला नाही. बाळ उठलं, बाकी नंतर.

चकवा:
आसामचे जादव पायेंग! १९७९ साली, पोरवयात, ब्रह्मपुत्रेच्या उघड्या वाळूवर उन्हानं मेलेले साप बघितले आणि बांबू लावायला घेतले. आज तिथं ५०० हेक्टरांहून मोठं जंगल आहे, हत्ती येतात. ध्येय शोधायला कुठं गेले होते ते? समोर दिसलं ते धरलं.

ओली माती:
माझं उलटं झालं. मन खचलेलं होतं, एकांतात आणखी खचलं. सावरलो ते माणसांत परतल्यावर. भाचीची झोप, जेवण नीट आहे ना, तेवढं विचार.

सांजवात:
@ओली माती, बरं झालं लिहिलंस रे. आता ठीक आहेस ना?

ओली माती:
हो ताई, अगदी.

सांजवात:
लेकीसाठी टॉर्च कुठला घेऊ?

डोंगरकूस:
डोक्याला बांधायचा, लाल दिवा असलेला. पांढरा उजेड डोळ्यांवर आला की अंधाराला पुन्हा सरावायला २०-३० मिनिटं जातात. जास्तीचे सेलही दे.