लग्नपत्रिकांच्या कामासाठी घरी डेस्कटॉप जुळवायचा आहे, ३५ हजारांत. दुकानाचं कोटेशन बघून सांगाल का?

पत्रिकावाली

नमस्कार. मी नागपूरला पारडीकडे राहते. महालातल्या एका छापखान्यात १४ वर्षांपासून कोरलवर (कोरलड्रॉ, डिझाइनचा प्रोग्रॅम) डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी मजकूर-चित्रांची मांडणी. लग्नपत्रिका, वास्तूची कार्डं, तेरवीची पत्रं, निवडणूक आली की पत्रकं. सासूबाई पाय मोडून अंथरुणाला आहेत, म्हणून मालकांनी दुपारनंतर घरून काम करायची मुभा दिली. पण घरचा कॉम्प्युटर २०१२ चा. पत्रिकेमागे गणपतीचं चित्र आणि टेक्स्चर टाकलं की झूम करताना पडदा वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी भरत येतो. "प्रेषक"च्या खालची नावं दिसेपर्यंत पार्टीचा दुसरा फोन येतो, की नवरीच्या मोठ्या मामांचं नाव राहिलं. लग्नसराईत अशा दिवसाला आठ-दहा दुरुस्त्या असतात. फार जीव जातो त्यात.

बर्डीतल्या एका दुकानातून हे कोटेशन आणलं: आय३ १२१००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एक पट्टी, २५६ जीबी एसएसडी, कॅबिनेट आणि त्यातच ५०० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). ग्राफिक्स कार्डाचं विचारलं तर म्हणाले, "तुमच्या कामाला लागत नाही." मॉनिटर जुनाच वापरणार आहे, त्याला फक्त निळ्या पिनची व्हीजीए वायर लागते. त्याच दुकानात ऑफिसातून निघालेला सहाव्या पिढीच्या आय५चा जुना डबा निम्म्याहून कमी पैशांत मिळत होता. तो घ्यावा का?

मुलगा अकरावीत आहे, सुटीत तो गेम खेळेल, पण मशीन माझ्या कामासाठी आहे. जुळवणी आम्ही मायलेक घरीच करणार.

अजून एक. जुन्या कॅबिनेटला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. नव्यालाही येतील का?

जुना सोल्डर

ताई, कोटेशनवर सही केली नसेल तर बरं झालं. त्या प्रोसेसरच्या नावात शेवटी "एफ" आहे. एफ म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारी आतली ग्राफिक्स चिप बंद. तुम्हाला कार्ड लागत नाही हे दुकानदाराचं म्हणणं बरोबर, पण मग प्रोसेसर बिनाएफचा पाहिजे. एफही आणि कार्डही नाही, तर मशीन सुरू होईल, पंखा फिरेल, पडदा मात्र काळाच राहील. आणि मग कार्ड घ्यायला परत दुकानात जावं लागेल. साधा आय३ १२१०० मागा.

जुना आय५ घेऊ नका. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलची सहावी पिढी विंडोज ११च्या यादीतच नाही. जुगाड करून टाकता येतं, पण तुमची रोजीरोटी त्यावर आहे.

आता मुख्य गोष्ट. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस घेऊ नका. मी २२ वर्षं मशीन दुरुस्त करतो आहे आणि मे महिन्यात माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त हेच येतात. वरच्या स्टिकरवर ५०० वॉट लिहिलेलं असतं, डबा हातात घेतला तर रिकाम्या टिफिनसारखा हलका. तुमचं मशीन १५० वॉटही ओढणार नाही, तेव्हा वॉटच्या मागे लागू नका. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का) लिहिलेला घ्या. कारण आपलं ऊन. आतल्या कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचं) तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर ४५-४६ असताना डब्याच्या आत काय असेल, विचार करा.

झिणझिण्यांचं: ते अर्थिंग नसल्यामुळे. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून थोडा करंट पत्र्यावर येतो. त्यानं तिसऱ्या पिनमधून जमिनीत जायचं असतं. तिथं वायरच जोडलेली नसेल तर तो तुमच्या बोटांतून जातो. नव्या मशीनलाही हेच होईल, एसएमपीएस कितीही चांगला आणला तरी. पहिले इलेक्ट्रिशियन बोलवा, पार्ट नंतर.

मानेवाडा५६००

ताई, पोराचा विचार करून राहिल्या असाल तर आय३ नका घेऊ, रायझन ५ ५६००जी पहा. मी दोन वर्षांपासून वापरून राहिलो. सहा कोर, बारा थ्रेड, आणि आतली ग्राफिक्स आय३च्या आतल्यापेक्षा लय पुढची. माझी खोली वरच्या माळ्यावर आहे, स्लॅब कसा तापते तुम्हाले माहीतच आहे, तरी बंद नाही पडलं कधी.

आणि इंटेल घ्या का रायझन, ८ची एक पट्टी घेऊ नका. ८-८च्या दोन घ्या. आतली ग्राफिक्स मेन रॅममधूनच खाते. एक पट्टी म्हणजे एकच रस्ता, दोन लावल्या की दुसरा उघडते. रॅमचे भाव चढले आहेत, मले माहीत आहे, पण तिथं हात आखडू नका. आणि लावल्यावर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी चालू करा, त्यानं रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालते. मी ३२०० ची रॅम सहा महिने २४०० वर चालवत होतो, कोणी सांगितलंच नाही.

जुना सोल्डर

गेमसाठी ५६००जी उजवा, मान्य आहे. पण ताईंचं काम कोरलमध्ये आहे आणि ते बरंचसं एकाच कोअरवर चालतं. एका कोअरचा वेग आय३ १२१०० मध्ये ५६००जीपेक्षा जास्त आहे. पट्ट्यापट्ट्यांनी भरणारा पडदा त्यानंच लवकर भरेल. दोन पट्ट्यांबद्दल मात्र शंभर टक्के बरोबर.

हळदकुंकू ऑफसेट

मीही याच धंद्यातला आहे, म्हणून दोन गोष्टी.

एक, तुमचं कोरल जुनं ३२ बिटचं असेल तर त्या एका प्रोग्रॅमला ४ जीबीच्या वर रॅम वापरताच येत नाही. १६ जीबी घ्या, कारण सोबत फोटोशॉप, ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडं असतंच. पण ३२ जीबीच्या नादी लागू नका, ते पैसे वाया. जुने मराठी फॉण्ट आणि त्यांचं डोंगल (परवान्याची छोटी किल्ली, मशीनला लावायची) विंडोज ११ वर चालतं का, हे कुणाच्या तरी मशीनवर आधी बघून घ्या. आमच्या ओळखीत एकानं नवं मशीन आणलं आणि दहा वर्षांच्या फाइली उघडल्या तर सगळीकडे अगम्य इंग्रजी अक्षरं.

दोन, मॉनिटर. तुमचा जुना बहुतेक टीएन पॅनलचा असणार, म्हणजे बघायचा कोन बदलला की रंग बदलणारा स्वस्त पडदा. त्यावर हळदीचा पिवळा उघडा, एकदा बसून बघा, एकदा उभं राहून बघा. रंग बदलला की समजा टीएन. पुढच्या सीझनला पैसे आले की पहिले आयपीएस मॉनिटर (कुठूनही बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा) घ्या, बाकी काही नाही. तोवर कागदावर प्रूफ काढल्याशिवाय रंगाला हो म्हणू नका. मदरबोर्ड घेताना मागे व्हीजीए आहे का तेही बघा, एच६१०च्या सगळ्याच बोर्डांवर नसतं.

पत्रिकावाली

सगळ्यांचे मनापासून आभार. अकरा दिवसांनी लिहिते आहे, कारण सगळं क्रमानं केलं.

आधी इलेक्ट्रिशियन आला. सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकामागे हिरवी वायर होती, पण नुसती गुंडाळून ठेवलेली, स्क्रूला लावलेलीच नव्हती. घर बांधल्यापासून तशीच. त्यानं ती जोडली, मीटरनं तपासली. जुनं मशीन लावून मी उलटा हात पत्र्यावर ठेवला. काही नाही. इतकी वर्षं मी पायाखाली गोणपाट घेऊन काम करत होते.

मग डोंगल घेऊन छापखान्यातल्या नव्या मशीनवर बसले. फॉण्ट चालले, जोडाक्षरंही नीट आली. तेव्हाच बर्डीला गेले.

दुकानदाराला म्हटलं, एफ नको. तो म्हणाला, फरक काय पडतो. मी म्हटलं, मला दिसायला पाहिजे. शेवटी घेतलं ते असं: आय३ १२१००, व्हीजीए असलेला एच६१० बोर्ड, ८-८च्या दोन पट्ट्या, ५०० जीबीची एनव्हीएमई (जलद एसएसडी), ४५० वॉट ब्राँझ, आणि पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट. काचेचं, रंगीत दिव्यांचं नाही. पक्क्या बिलासकट ३४,६०० झाले. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घेतला. ५६००जी मीही बघितला, मुलाचं मन होतं. पण त्याला समोर बसवून समजावलं की हे मशीन आधी पत्रिका काढेल. तो मानला. खोकी घेऊन मेट्रोनं प्रजापती नगरला उतरलो, दोन खोकी त्याच्या मांडीवर.

जुळवणीचं सांगते, कारण माझ्यासारख्या कुणाला भीती वाटत असेल. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटच्या खुणेला लावायचा आणि अलगद सोडायचा. दाबायचा नाही. त्या सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना उभ्या असतात, माझा श्वास अडकला होता. मग लोखंडी दांडी खाली ओढताना करकर आवाज येतो आणि इतकं बळ लागतं की काहीतरी मोडलं असं वाटतं. मोडत नाही. वरचं काळं प्लास्टिक आपोआप उडून बाहेर येतं, ते जपून ठेवलं. पंख्याचे चार पाय समोरासमोरचे आधी दाबले, चारही वेळा कट्ट आवाज ऐकला.

चालू केलं तर पडदा काळाच. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, दुकानदारानं शेवटी एफच दिला की काय. खोक्यावर वाचलं, नव्हता. तासभर वायरी बघितल्या. मग मुलानं टॉर्च धरला तर रॅमची एक पट्टी एका टोकाला बसलेली आणि दुसऱ्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी वर. अंगठ्यानं दाबली, क्लिप लागली, आणि पडद्यावर अक्षरं आली. एक्सएमपी चालू केलं, आता ३२०० दाखवतो.

तीच गणपतीची पत्रिका उघडली. झूम केलं. अख्खी पत्रिका एकदम समोर, खालच्या मामांच्या नावासकट. मी चार-पाच वेळा नुसतंच आतबाहेर केलं.

एक विचारायचं राहिलं. टेबलापाशी खिडकीत कूलर आहे, दुपारी त्याशिवाय बसवत नाही. आणि पारडीला धूळ फार. कॅबिनेट कुठं ठेवू, कितीदा साफ करू?

जुना सोल्डर

छान केलंत, अर्थिंग आधी केलं हे सगळ्यात छान.

कूलरची हवा तुमच्या अंगावर येऊ द्या, कॅबिनेटवर नको. ती ओली हवा आणि धूळ मिळून पंख्यावर चिखलाचा थर बसतो, तो ब्लोअरनंही निघत नाही, आणि बोर्डावर गंज चढतो तो वेगळाच. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा. पुढची जाळी उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी काढून ब्रशनं झाडा. आतून ब्लोअर वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीच्या सफाईत आणि एकदा होळीनंतर. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं तो फार जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं.