मदत हवी आहे: थंड पाण्यात पहिला रेक डाइव्ह (बुडालेल्या जहाजावरचा), ड्रायसूट (आत पाणी न येणारा) की सेमीड्राय (थोडंसंच पाणी आत येणारा)?

नमस्कार मंडळी, इथे यूकेमध्ये कोणी डाइव्हिंग करतं का? मी ओपन वॉटर (डाइव्हिंगचा पहिला कोर्स) अंदमानला केलं, तिथे पाणी म्हणजे नुसतं कोमट, ३ मिमीचा सूट पण नावालाच. आता मित्र मागे लागलेत की मे महिन्यात प्लिमथजवळ व्हिटसँड बेला जाऊ, जेम्स ईगन लेन बघायला. हे अमेरिकन लिबर्टी जहाज (दुसऱ्या महायुद्धातलं मालवाहू), मार्च १९४५ मध्ये जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने गेलं, आणि तळ साधारण २२-२४ मीटरवर असल्याने इथले सगळे नवशिके तिथेच जातात म्हणे. माझ्या कोर्सची लिमिट १८ मीटर, म्हणजे तळाला जायचं नाही, वरच्या भागातच फिरायचं, ते ठीक आहे.

पण पाणी तेव्हा ११-१२ डिग्री असतं! ७ मिमी सेमीड्राय आणि हूड-ग्लोव्ह्ज घालून अर्धा तास निघतो का, की सरळ ड्रायसूटचा कोर्स करून मगच जावं? ड्रायसूटमध्ये हवा पायाकडे गेली की माणूस उलटा वर जातो असं ऐकलंय, त्याची जरा धास्तीच आहे, आणि बुडण्यासाठी पट्ट्याला लावतात ते वजन किती वाढवायचं तेही कळत नाहीये. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण) भाड्याचा घेणार, तो थंड पाण्यासाठीचाच आहे हे दुकानात नेमकं काय विचारून कळेल?

आणि हो, व्हिजिबिलिटी मे मध्ये प्लँक्टनमुळे बेकार असते का? तसं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरला ढकलतो, पाणी पण जरा बरं असेल. जहाजाच्या आत शिरायचं नाहीये, बाहेरूनच बघायचंय, त्यामुळे प्लीज रील (परतीची वाट सापडावी म्हणून सोडायची दोरी) वगैरेचे सल्ले नकोत 😅